लेकराच्या वजनाचं लोखंड

बानाबाईच्या हातात काटा आहे, असं लासूर स्टेशनच्या बाजारात म्हणायचे. काटा म्हणजे वजनाचा. मेंढराच्या छातीखाली एक हात, पोटाखाली एक हात घालून तिनं ते जमिनीपासून वीतभर उचललं की ती आकडा सांगायची. "बावीस." घेणारे आपल्या काट्यावर घालून बघायचे तर बावीसच्या आसपासच निघायचं. अर्ध्या किलोचा फरक पडला तर तिचा नवरा त्रिंबक म्हणायचा, "तुमचा काटा तपासून घ्या. बानाचा हात मी रोज तपासतो."

शाळेत ती दोन वर्षं गेली, तीही मेंढरं ज्या गावाजवळ बसतील तिथली. अक्षरं राहिली नाहीत, आकडे राहिले, आणि तेही डोळ्यांपेक्षा हाताला जास्त कळायचे.

त्रिंबक वारला. कळप विकला. मग बानाबाई पोराकडं आली. रामेश्वर चिकलठाण्याला कंपनीत कामाला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जिना अरुंद, आणि खिडकीतून विमानाचं पोट दिसायचं. पहिले आठ दिवस बानाबाई प्रत्येक विमानाला उठून खिडकीत गेली. नंतर ती बसल्या जागी मान वर करायची. नंतर तेही सुटलं. माणसाला कशाचीही सवय होते, फक्त रिकाम्या हातांची होत नाही. जिच्या हातात पन्नास वर्षं काही ना काही जितं होतं, तिनं आता हातात काय धरायचं? टीव्हीचा रिमोट?

फाल्गुनात सून मोनिका बाळंत झाली आणि हे कोडं सुटलं. दवाखान्यात नर्सबाईनं लेकरू फडक्यात गुंडाळून आणलं. बानाबाईनं घेतलं, जरासं वर-खाली केलं आणि म्हणाली, "तीन किलोला पाव कमी."

नर्सबाई म्हणाली, "आजी, दोन किलो सातशे पन्नास. कागद वाचला का तुम्ही?"

"मला कुठं वाचता येतं?"

मोनिका खाटेवर पडून हसली, आणि टाके ओढले म्हणून लगेच कळवळली. सासू-सुनेचं तेव्हापासून चांगलं जमलं. पोराचं नाव कृष्णा ठेवलं. पाच महिने कृष्णा आईकडं दुधापुरता आणि बाकी आजीकडं. मोनिका म्हणायची, "आत्या, याला माझं नाव तरी सांगून ठेवा."

श्रावणात बानाबाईला ताप आला. मच्छराचा ताप, सांधे आवळणारा. महिना-दीड महिना अंथरुणात गेला. ताप गेला, सूज गेली, पण हात काही परत आले नाहीत. तांब्या उचलला तर पाणी हिंदकळायचं. कणीक तिंबायला बसली की निम्म्यात बोटं सैल पडायची. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. लंगडणारं मेंढरू कळपात मधोमध चालतं, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. तिनंही तसंच केलं.

दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी तिनं कृष्णाला खिडकीतल्या दिव्यांच्या माळा दाखवायला उचललं. उजव्या हातानं वरच्यावर दगा दिला. लेकरू निसटलं, गादीवर पडलं, आणि पडता पडता डोकं खाटेच्या कडेला लागलं. टेंगूळ आलं. दवाखान्यात नेलं, तपासलं, काही झालं नव्हतं. घरी आल्यावर कुणी तिला शब्दानं बोललं नाही. कुणी बोललं असतं तर तिला रडता तरी आलं असतं. मोनिका एवढंच म्हणाली, "आत्या, याला बसूनच घेत जा आता."

तेव्हापासून बानाबाई भिंतीला टेकून बसायची, दोन्हीकडं उशा लावायच्या, आणि मग मोनिका कृष्णाला तिच्या मांडीवर ठेवायची. आणि तिथंच उभी राहायची, काहीतरी घडी घालत.

मार्गशीर्षात रामेश्वरनं जेवताना विषय काढला. त्याची बदली पुण्याच्या कारखान्यात व्हायची होती, चैत्रात. मोनिकालाही तिथं एका लॅबमध्ये काम मिळत होतं. जागा मिळणार एक खोली आणि स्वयंपाकघर. दिवसभर लेकरू सांभाळायला एक माणूस लागणार.

"म्हणजे मी," बानाबाई म्हणाली.

रामेश्वरनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून ठेवला. "माय, दिवसभर तू एकटी त्याच्याजवळ. उचलावं लागतं, धुवावं लागतं. तुझा हात असा."

"हात बरा हाये माझा."

"मोनिकाची आई म्हणती, मी येते दोन-तीन वर्षं."

मोनिकाची आई आशाबाई, करमाडकडची. शेतातली बाई, आवाजानं मोठी, मनानं साफ, आणि पाण्याचे दोन हंडे दोन्ही हातांत घेऊन जिना चढणारी. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती, हीच अडचण होती. आणि त्या एका खोलीत दोन म्हाताऱ्या मावणार नव्हत्या, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं.

"मंग मी?"

"तुला तात्याकडं. लासूरला. जागा मोठी बघितली की नेऊ."

तात्या म्हणजे साहेबराव, तिचा दीर. मोनिकानं सासूच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "आत्ताच कशाला ठरवायचं? चैत्रापर्यंत बघू की. आत्यांचा हात सुधारला तर आत्याच येतील."

मोनिका ते चांगुलपणानं बोलली. बानाबाईनं ते वचन म्हणून घेतलं.

गल्लीच्या तोंडाशी विशाखाबाईंचा छोटा दवाखाना होता. हातपाय धरलेल्या लोकांना त्या व्यायाम सांगायच्या. त्यांनी तिचा दंड दाबून बघितला. "आजी, हातातलं मांस झडलंय. गोळ्यांनी नाही यायचं. वजन उचलायला लागा. किलोकिलोचे डंबेल आणा, त्यानं सुरू करू."

डंबेल म्हणजे काय ते त्यांनी मोबाईलवर चित्रात दाखवलं. बानाबाईनं ऐकून घेतलं, पण किलोभराचं तिच्या मनाला पटलं नाही. किलोभराचं लेकरू कुठं असतं? मोनिकानं लसीच्या दिवशी सांगितलं होतं, कृष्णा आठ किलो दोनशे. उचलायचं आहे आठ किलो, तर किलोभरानं काय होणार?

दुसऱ्या दिवशी मोनिका कृष्णाला घेऊन झोपली असताना ती रिक्षानं औरंगपुऱ्यात गेली. खेळाच्या सामानाचं दुकान शोधायला दोन गल्ल्या फिरली. दुकानात बाहेर बॅटा टांगलेल्या, आत गल्ल्यावर सुदर्शन नावाचा पोट सुटलेला मालक. त्याला वाटलं, आजी नातवासाठी चेंडू घ्यायला आली.

"काय देऊ मावशी?"

"डंबेल."

"कुणासाठी?"

"तुमच्या दुकानात आधार कार्ड लागतं का?"

सुदर्शन हसला आणि उठला. खालच्या फळीवर सगळी रांग होती. त्यानं आधी रंगीत प्लास्टिकचं दाखवलं. "हे पाच किलो. बायका हेच नेतात."

बानाबाईनं दोन्ही हातांत घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. "पाच नाय हे. साडेचारच्या जरा वर हाये."

"छापलंय बघा वर."

"छापलेलं मला दिसत नाय. काट्यावर ठेवा."

त्यानं थट्टा म्हणून ठेवलं. चार किलो सहाशे. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. "आत सिमेंट असतं मावशी. इकडं-तिकडं होतं." मग तो खुर्ची घेऊनच बसला. एकेक डंबेल तिच्या हातात द्यायचा, ती आकडा सांगायची, तो काट्यावर ठेवायचा. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं उभी राहून बघायला लागली. पाव घंटाभर बानाबाई लासूरच्या बाजारात होती. हात दुखत होते, ते तिच्या ध्यानात आलं नाही.

शेवटी त्यानं विचारलं, "मग कोणती जोडी देऊ?"

"जोडी नको. एकच. साडेआठ हाये का?"

"एक कुणी नेत नाही मावशी. दोन हाताला दोन लागतात."

"लेकरू एकच असतं."

हे सुदर्शनला कळलं नाही. साडेआठ नव्हतंच, पाचाच्या पुढं साडेसात आणि मग एकदम दहा. बानाबाईनं विचार केला. थंडीचं स्वेटर, टोपडं, लंगोट काढून टाकलं तर साडेसातला हरकत नाही. तिनं गोल तोंडाचं, काळ्या रंगाचं लोखंडी डंबेल घेतलं, कारण लोखंड खोटं बोलत नाही असं तिला वाटलं. सुदर्शननंच ते पिशवीत घालून रिक्षात ठेवलं.

चिकलठाण्याला रिक्षावाला पैसे घेऊन निघून गेला आणि पिशवी जिन्याच्या पहिल्या पायरीवर राहिली. बानाबाईनं ती पायरीपायरीनं वर चढवली. एक पायरी, मग दम. खालच्या बिऱ्हाडातल्या दगडाबाईनं दार उघडून विचारलं, "काय हाये एवढं?"

"उडीद," बानाबाई म्हणाली.

संध्याकाळी रामेश्वरनं खाटेखाली ते लोखंड बघितलं. "माय, हे कशाला?"

"वाऱ्यानं दार आपटतं. दाराला लावायला."

सकाळी पोरगा-सून स्वयंपाकघरात असताना तिनं ते दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत आणलं. तिथून ते पुढं येईना. खांद्यात कळ उठली, बोटं उघडली, आणि लोखंड फरशीवर आदळलं. पडलं ते पडलं, गोल असल्यामुळं घरंगळत निघालं. पलीकडं सतरंजीवर कृष्णा रांगत होता. काहीतरी आपल्याकडं येतंय बघून तो खुशीत पुढं सरकला. मोनिका धावत आली, तिनं त्याला एका हातानं असं उचललं की त्याचं झबलं गळ्याशी गोळा झालं. लोखंड भिंतीला टेकून थांबलं.

मोनिका धापा टाकत होती. "आत्या, हे दारासाठी नाहीये ना?"

बानाबाईनं मान हलवली.

दुपारी मोनिका तिला विशाखाबाईंकडं घेऊन गेली, आणि कृष्णाला सगळा वेळ आपल्याच कडेवर ठेवलं.

विशाखाबाईंनी कपाळाला हात लावला. "आजी, एका दिवसाच्या कोकराला तुम्ही पाच कोस चालवता का?"

"नाय. पाठीवर घेतो."

"मग हाताला पण आधी पाठीवर घ्या. जोडी आणा किलोकिलोची. बारा वेळा उचला, थांबा, पुन्हा बारा. शेवटचे दोन जड गेले तरच वजन बरोबर. सहज झालं की पुढचं घ्यायचं. कोपर अंगाला चिकटलेलं. उचलताना श्वास सोडायचा. आणि एक दिवस आड."

बानाबाई साडेसात किलो घेऊन परत औरंगपुऱ्यात गेली. रामेश्वर सोबत होता म्हणून या वेळी लोखंडाला पायरीवर बसावं लागलं नाही. सुदर्शननं बदलून दिलं. "किलोचीच जोडी हवी ना मावशी? आता विचारतो, कुणासाठी?"

"नातवाला उचलायचंय."

सुदर्शननं रबर चढवलेली, सहा कोनांची जोडी काढली. "ही घ्या. ठेवली तिथंच राहते, घरंगळत नाही. घरात रांगतं पोर आहे ना. आणि झालं की आणा, पुढची बदलून देतो."

पौषापासून सुरू झालं. सकाळी बानाबाई भिंतीला पाठ लावून उभी राहायची, लुगड्याचा पदर खोचायची आणि उचलायची. पहिल्या आठवड्यात खांदा जास्तच ठणकला. विशाखाबाईंनी समोर करायला लावलं तेव्हा कळलं, ती मेंढरं मोजतात तशी जोडीनं मोजत होती. तिचे बारा म्हणजे चोवीस होत होते. ते सुधारलं. दोन किलोची जोडी आली. मग तीनची. मोनिका कधी येता-जाता म्हणायची, "आत्या, कोपर," आणि बानाबाई कोपर अंगाशी घ्यायची. तांब्यातलं पाणी हिंदकळायचं थांबलं. कणीक पुरी तिंबून व्हायला लागली.

पण तिकडं कृष्णाही बसून नव्हता. साडेआठ झाला. संक्रांत झाली आणि नऊला टेकला. मोनिका आकडा सांगायची तेव्हा बानाबाई "वा" म्हणायची. आणि आत कुठंतरी तिला वाटायचं, लेकरा, जरा हळू. मग त्या विचाराची तिला इतकी लाज वाटायची की त्या दिवशी ती त्याला भातावर तूप जास्त वाढायची. तुपानं तो आणखी वाढायचा. असं चाललं होतं.

फाल्गुनात चारची जोडी झाली. होळीनंतर पाचची. पाच आणि पाच दहा. कृष्णा नऊ किलो आठशे. ताप आल्यापासून पहिल्यांदा ती त्याच्या पुढं गेली होती, दोनशे ग्रॅमनं.

गुढीपाडव्याच्या सकाळी घरात बांधाबांध सुरू होती. दोन दिवसांनी निघायचं होतं. आशाबाई आदल्या दिवशीच आल्या होत्या, मदतीला म्हणून, पण सोबत ट्रंक होती. ती ट्रंक बानाबाईनं बघितली. गुढी उभारून झाली, रामेश्वर आणि आशाबाई खाली टेम्पोवाल्याशी बोलायला गेले. मोनिकानं कृष्णाला नवं झबलं घातलं होतं.

बानाबाई उभी राहिली. "मोनिका, दे त्याला."

"बसा ना आत्या, देते."

"उभ्यानं दे."

मोनिका जरा थांबली. मग तिनं कृष्णाला फरशीवर उभं केलं. तो आता धरून उभा राहायचा. बानाबाई गुडघ्यात वाकली, विशाखाबाईंनी सांगितलं होतं तशी, काखेत हात घातले, श्वास सोडला आणि उचललं. आला. सरळ, न डगमगता, छातीपर्यंत आला. तिनं त्याला कडेवर घेतलं आणि हातानं आपोआप वजन केलं. मोनिकानं सांगितलं होतं तेवढंच. कृष्णानं तिच्या नाकातली चमकी धरली आणि हसला. पाच महिन्यांनी तिच्या कमरेला त्याची टाच लागली.

"विमान बघू," ती म्हणाली आणि खिडकीकडं चालायला लागली. सात-आठ पावलं. हात पक्के होते. तिला स्वतःलाच ते खरं वाटेना. खिडकीशी पोचून तिनं त्याला जरा वर सरकवायला खाली बघितलं.

कृष्णाच्या खाली मोनिकाचे दोन हात होते. तळवे वर करून पसरलेले, झोळीसारखे. सगळी वाट ती अशीच सोबत चालत आली होती, आणि आपण हात धरलेत हे तिला माहीतच नव्हतं.

बानाबाईनं वर बघितलं. मोनिकानंही बघितलं, आणि मग आपल्या हातांकडं. तिला ते मागं घ्यायचे होते, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. हात मागं येत नव्हते.

विमान आलं. कृष्णानं बोट दाखवलं. बानाबाईनं ते पार दिसेनासं होईपर्यंत त्याला धरून ठेवलं, घाई केली नाही. मग तिनं त्याचा पापा घेतला आणि त्याला त्या दोन हातांत ठेवलं.

"इहीणबाईला ने," ती म्हणाली.

"आत्या, उचललंत की तुम्ही. मी बघितलं."

"उचललं. पण तू तिथं कामावर बसून दिवसभर असेच हात धरशील, माय. दुखतील तुझे हात."

मोनिकानं कृष्णाच्या पोटात तोंड लपवलं. त्याला वाटलं आई खेळतेय, तो खिदळायला लागला. बानाबाई पदर सारखा करत स्वयंपाकघरात गेली आणि कडुनिंबाची चटणी वाटायला बसली. पाटा-वरवंटा जड असतो. तिचा हात एकदाही थांबला नाही.

बानाबाई आता लासूरला साहेबरावाकडं असते. सहा कोनांची जोडी तिच्यासोबत टेम्पोतून आली. लोक डबे आणतात, हंडे आणतात, हिनं डंबेल आणले म्हणून गल्लीत चार दिवस हसू चाललं. ती सकाळी अंगणात भिंतीला पाठ लावून उचलते. एक दिवस आड, बारा, थांबून बारा.

महिन्याच्या पहिल्या तारखेला पुण्याहून फोन येतो. रामेश्वर आधी तब्येत विचारतो, मग जागेचं सांगतो, बघतोय म्हणतो. मग मोनिका फोन घेते आणि न विचारताच आकडा सांगते. पाऊसकाळ लागला त्या महिन्यात तिनं सांगितलं, "अकरा किलो, आत्या. पळतोय नुसता. कुणी उचललं की रडतो, खाली सोडा म्हणतो."

"चांगलं हाये," बानाबाई म्हणाली.

अकरा म्हणजे तिच्या जोडीपेक्षा किलोभर जास्त. पाचाच्या पुढं साडेसातच असतं, हे तिला सुदर्शनच्या दुकानात कळलंच होतं. साडेपाच कुठं मिळत नाही. तिनं माळ्यावरचं गाठोडं सोडलं. त्यात त्रिंबकच्या दोन मोठ्या मेंढ्यांच्या गळ्यातल्या पितळी घंट्या होत्या. हातावर घेऊन बघितल्या. अर्धा-अर्धा किलो, बरोबर. एकेक घंटी एकेका डंबेलला दोरीनं बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहिल्यांदा उचललं तेव्हा दोन्ही घंट्या वाजल्या. जाऊ सरूबाई चुलीपुढून उठून धावत अंगणात आली, कुणाचा कळप आला म्हणून. अंगणात बानाबाई एकटीच होती. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. सरूबाई चुलीकडं परत गेली.

बानाबाईनं डंबेल खाली ठेवले. जुनं फडकं फाडलं, दोन्ही घंट्यांच्या लोलकांना गच्च गुंडाळलं, आणि बारातले उरलेले अकरा उचलले.